आधी सांगा, जॉब कशाचा

खंडेनवमीला सातपूरच्या आमच्या शेडमध्ये सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा पडायच्या, हळदकुंकू लागायचं, दारात कोहळा कापला जायचा. एकाच लेथवर फुलाची पाकळीसुद्धा नसायची. तो लेथ दंडवतचा. आदल्या दिवशी तो मशीन रॉकेलनं धुऊन, पुसून आरशासारखं करून ठेवायचा आणि पूजेच्या वेळी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसायचा. पेढाही घ्यायचा नाही. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला माणूस. त्यांच्यात दुसरा देव नाही, मांस नाही, दारू नाही आणि जीव मारायचा नाही. भेटेल त्याला हात जोडून "दंडवत" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच ते पडलं. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथंच राहिलं.

मी त्या शेडमध्ये बार कापायचो. लांब सळया यायच्या, त्यांचे मापात तुकडे करायचे आणि लेथवाल्यांकडे सरकवायचे, एवढंच माझं काम. चौथीपुढं शाळा मला मानवली नाही आणि त्याची मला लाज नाही. शिकलेले लोक मी पुष्कळ पाहिले. आमचे शेठ पदवीवाले होते.

दंडवत सगळ्यांना अहो-जाहो करायचा. मला, झाडूवालीला, शेडमध्ये झोपणाऱ्या कुत्रीलाही. "जरा सरका हो, पाय पडेल," असं तिला म्हणायचा, आणि ती सरकायची. सुपरवायझर भामरे ओरडला तर ती हलायची नाही. पावसाळ्यात मशिनीच्या पायाशी मुंग्यांची रांग लागली की हा कागदावर मुंग्या उचलून बाहेर नेऊन सोडणार आणि मगच बटण दाबणार. तोवर माझे कापलेले तुकडे तसेच पडून. मी चिडायचो. "अरे बाबा, मुंग्यांना त्यांचं कळतं की." तो म्हणायचा, "कळत असतं तर इथं आल्या असत्या का, आप्पा?" याचा मला आणखी राग यायचा.

त्याची खरी खोड वेगळीच होती. नवा जॉब आला की भामरे कागद आणून चिकटवायचा आणि जायचा. कागदावर मापं असायची आणि नंबर असायचा. दुसरे लेथवाले मापं बघायचे आणि कामाला लागायचे. हा मशिनीला हात लावायचा नाही. हात मागे बांधून विचारायचा, "आधी सांगा, जॉब कशाचा?" भामरे म्हणायचा, "तुला काय करायचंय? माप बघ." हा म्हणायचा, "माप बघतोच. कशाचा ते सांगा." मग भामरे ऑफिसात जाऊन विचारून यायचा. पाण्याच्या पंपाचा. ट्रॅक्टरचा. छपाईच्या मशीनचा. ते ऐकून याची मान हलली की काम सुरू. एकदा खाटिकखान्यातल्या हुकांचा जॉब आला होता, तो त्यानं हात जोडून परत केला आणि तो जॉब शेजारच्या लेथवाल्याकडं गेला. शेडमध्ये ही चेष्टा नेहमीची. कोणी नवा आला की त्याला मुद्दाम सांगायचे, दंडवतला खिळा दे आणि बघ, भिंतीला विचारील चालेल का म्हणून.

कारगिलच्या उन्हाळ्यात शेठला देशभक्ती झाली. झाली म्हणजे ताप येतो तशीच. त्याआधी हा माणूस पंधरा ऑगस्टला झेंड्याला यायचा नाही, सुट्टीच्या दिवशी कशाला पेट्रोल जाळायचं म्हणून. आता गाडीवर झेंडा, ऑफिसवर झेंडा, गेटवर कापडी फलक, ज्यावर जवानांपेक्षा शेठचं नाव मोठं. शेठचा पोरगा ऐन विशीतला, चांगला धडधाकट. पण सैन्याचं नाव निघालं की शेठला त्याच्या लहानपणच्या दम्याची आठवण व्हायची. भामरेही तसाच. सकाळी गेटवर घोषणा द्यायचा आणि संध्याकाळी गुत्त्यात बसून, आपण असतो तर कसं एका दिवसात संपवलं असतं, ते सांगायचा. हा माणूस पाल दिसली तर टेबलावर चढायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच दिवसांत एक मोठं काम आलं. लोखंडी गोल नग, एका बाजूला स्क्रूसारखे आटे. दंडवतनं नेहमीसारखा प्रश्न विचारला. भामरे ऑफिसात गेला आणि हसत परत आला. "दुधाच्या मशीनचा. डेअरीचा माल आहे."

दंडवत खूष झाला. पोराबाळांच्या तोंडी जाणारं दूध, म्हणजे पुण्याचं काम. इतका खूष की नगाची कडा बोटाला लागू नये म्हणून घासून गुळगुळीत करायला लागला, तसं कागदावर काही नसताना. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, "घरी सांगितलं मी, आजकाल दुधाचं काम चाललंय." आठवडाभर त्याचा लेथ सगळ्यांत आधी सुरू व्हायचा आणि सगळ्यांत शेवटी थांबायचा.

मग शेठनं पेपरवाल्याला बोलावलं. शेठला फोटो हवा होता. भाषण ऐकू यावं म्हणून सगळी मशिनं बंद केली, आम्हाला ओळीत उभं केलं. शेठनं दंडवतच्या ट्रेमधूनच एक नग उचलला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाले, "हा बघा. आमच्या शेडमधून निघतो तो थेट तोफेच्या गोळ्यात जाऊन बसतो."

ओळीतून दंडवतचा आवाज आला. "शेठ, तो दुधाच्या मशीनचा ना?"

भामरे खो खो हसला. शेठनं आधी भामरेकडं बघितलं, मग पेपरवाल्याकडं, आणि म्हणाले, "हो हो. शत्रूला दूध पाजायचंय ना आपल्याला." यावर सगळी शेड हसली. मी हसलो नाही, ते मी शहाणा म्हणून नव्हे. माझी जागा त्याच्या शेजारी होती आणि मला त्याचं तोंड दिसत होतं.

फोटो झाला, मशिनं सुरू करायची शिट्टी झाली. दंडवत लेथपाशी गेला. लेथच्या पकडीत, चकमध्ये, अर्धा कापलेला नग होता, तो त्यानं सोडवला, फडक्यानं पुसला आणि ट्रेमध्ये ठेवला. टूल काढून डब्यात ठेवलं. खालचा लोखंडाचा कीस झाडून भरला. मग हात मागे बांधून उभा राहिला. भामरेनं विचारलं, "काय झालं?" म्हणाला, "हा जॉब माझ्याच्यानं होणार नाही. दुसरा द्या."

ऑफिसात बोलावणं आलं. केबिनचं दार उघडंच असायचं, त्यामुळं आम्ही सगळं ऐकलं. शेठ आधी गोड बोलले, मग तापले. "सीमेवर पोरं मरताहेत आणि तुम्हाला सोवळं सुचतंय? तुमचा स्वतःचा भाचा तिथं आहे ना?" ते खरं होतं. बहिणीचा मुलगा, दिंडोरीकडचा, फौजेत होता आणि वरच बर्फात होता. दंडवत म्हणाला, "आहे. तो त्याच्या मनानं गेला, मी अडवलं नाही. मला का अडवता?"

शेठ म्हणाले, "दुसरा जॉब नाही. हा करा, नाहीतर घरी बसा."

"कामाला मी नाही म्हटलेलं नाही," दंडवत म्हणाला. "मी येत जाईन."

आणि तो खरंच येत गेला. शेठनं त्याला काढलं नाही, कारण हे मोठं काम संपल्यावर ट्रॅक्टरचे जॉब करायला त्याच्यासारखा माणूस लागणार होता, आणि पोटाला चिमटा बसला की वळेल असा हिशेब होता. पगार बंद केला. तरी हा शिफ्टच्या वेळेला गेटात हजर. बंद लेथ पुसायचा आणि शेजारी उभा राहायचा. स्टूल होतं, पण बसायचा नाही. मी म्हटलं, बस की. म्हणाला, "बसलो तर रिकामा बसलाय म्हणतील. मी कामावर आलोय." बायको मळ्यांवर मेथीच्या जुड्या बांधायला जायला लागली. घरातली चूल तिनं चालवली आणि हा इकडं बंद मशिनीला पहारा देत राहिला.

त्यानं दूधही सोडलं. चहा कोरा प्यायला लागला. मी विचारलं, दुधानं तुझं काय केलं? म्हणाला, "मी विचारलं होतं, त्यांनी सांगितलं, आणि मी ऐकून मोकळा झालो. एवढं बारीक काम आजवर कधी केलं नव्हतं, आप्पा. कडासुद्धा घासल्या." त्याला शिव्या खाल्ल्याचं काही नव्हतं. त्या घासलेल्या कडा त्याच्या छातीत बसल्या होत्या.

शिव्या भरपूर होत्या. ज्यांनी आयुष्यात कधी लाल दिव्याला सायकल थांबवली नाही, ते देशाचे राखणदार झाले. कोणी त्याच्या डब्यावर खडूनं पाकिस्तान लिहिलं. तो त्यातूनच भाकरी खायचा. मी पुसायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या हो, डबा कुणाचा ते तरी कळतंय." कोणी म्हणायचं, "दंडवत, तिकडंच बदली मागून घ्या." हा विचारायचा, "तिकडं लेथ जुने आहेत का नवे?" अगदी गंभीर तोंड करून. बोलणाऱ्याला कळायचं नाही आपली टर उडवली की काय.

आता माझं सांगतो. मला त्याचं पटत नव्हतं. आजही पटत नाही. वरून कोणी गोळ्या घालत असेल तर खालच्यानं फुलं उधळायची का? मी त्याला हे तोंडावर विचारलं. म्हटलं, "तू नाही केलंस तर दुसरा करील. काय थांबलं?"

"काही थांबत नाही."

"मग?"

"करील तो करील. त्याचा हात, त्याचं तो बघेल. तुम्ही बार कापता, तुम्हाला मी कधी काही म्हटलंय का?"

नव्हतं म्हटलं. माझ्या कापलेल्या तुकड्यांचेच ते नग व्हायचे, आणि एवढ्या दिवसांत त्यानं माझ्याकडं वाकडी नजर केली नव्हती. मी बार कापत राहिलो. मला त्याचं काही वाटलं नाही. पण ज्यांनी देशाच्या नावानं त्या उभ्या माणसावर थुंकायची मजा घेतली, ते मला गोळ्या झाडणाऱ्यांपेक्षा हलके वाटले. झाडणारा निदान समोर येऊन झाडतो.

लढाई संपली. भाचा पायात छर्रे घेऊन परत आला, काठी टेकत चालायचा. हे शेठच्या कानावर गेलं तसं शेठचं वागणं बदललं. सकाळीच दंडवतच्या लेथपाशी आले आणि खांद्यावर हात टाकला. आम्हाला वाटलं, मारतात की काय. शेठ म्हणाले, "झालं गेलं सोडून देऊ. रविवारी गेटवर भाच्याचा सत्कार ठेवलाय. आमदार येताहेत. तुम्ही फक्त त्याच्या शेजारी उभे राहा. सोमवारपासून मशीन चालू, ट्रॅक्टरचा जॉब, पगार पहिल्यासारखा."

दंडवतनं थोडा विचार केला. भाच्याशेजारी उभं राहण्यात खोटं काही नव्हतं. म्हणाला, "राहीन."

रविवारी मांडव पडला. खुर्च्यांना पांढरी कापडं, कर्णे, पाहुण्यांसाठी बाटलीतलं पाणी. दंडवत धुतलेला सदरा घालून आला होता. बायको बाजूला बायकांत बसली होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं, सोमवार तिलाही माहीत होता. शाल झाली, नारळ झाला. मग शेठनं माइक घेतला.

"या वीर जवानाचे मामा," शेठ म्हणाले, "आमच्याच शेडमध्ये आहेत. भाचा वर लढत होता आणि मामा इथं रात्रंदिवस त्याच्यासाठी तोफगोळ्यांचे नग करत होते. याला म्हणतात घराणं."

टाळ्या वाजल्या. आमदारांनी उठून दंडवतचा हात हातात घेतला. तेवढ्यावर सगळं मिटलं होतं. गप्प राहायचं होतं, बस. महिनोन् महिने शिव्या गप्प राहून खाल्ल्या होत्या, आता हार गप्प राहून घालून घ्यायचा होता. मी खालून त्याच्याकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, गप बस, एकदा तरी गप बस.

त्यानं आमदारांचा हात सोडवून घेतला, त्यांना हात जोडून दंडवत म्हटलं आणि माइकपाशी गेला.

"शेठची चूक होतेय," तो म्हणाला. "आठवडाभर केले, ते मला खोटं सांगितलं म्हणून. कळल्यावर एकही केला नाही. भाच्याचं कौतुक करा, ते त्याचं आहे. माझं नका करू."

कर्ण्यातून ते रस्त्यापर्यंत गेलं. शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पदवी बिदवी सगळी उतरली. भामरेनं धावत येऊन माइक हिसकावला. मागून कोणी ओरडलं, "गद्दाराला खाली बसवा." तेव्हा भाचा काठीवर जोर देऊन उठला. माइक नव्हता, तरी त्याचा आवाज पोचला. फौजेतला आवाज.

"मामांना कोण बसवतंय? त्यानं पुढं यावं."

पुढं कोणी आलं नाही. देशाचे राखणदार खुर्चीखाली चपला शोधायला लागले. भाच्यानं मामाचा हात धरला आणि दोघं स्टेजवरून उतरायला लागले. भाचा शाल खुर्चीवर ठेवायला निघाला, तर दंडवत म्हणाला, "असू दे. थंडीला होईल." बायको उठून त्यांच्या मागून गेली. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं, पण ती मान वर करून चालली होती.

सोमवारी वॉचमननं त्याला गेटात घेतलं नाही. हातजोडणी नाही, भांडण नाही. दंडवतनं एवढंच विचारलं की त्याची स्वतःची टूलची पेटी मिळेल का. मी आत जाऊन ती आणून दिली. भामरे म्हणाला, "आप्पा, तुला काय गरज?" मी म्हटलं, "तुझ्या बापाची आहे का पेटी?" आम्ही दोघं बस थांब्यापर्यंत चालत गेलो, पेटीची एक कडी त्याच्या हातात आणि एक माझ्या. लोखंडाची पेटी, जड होती. मी म्हटलं, "काय मिळवलंस? सोमवारी मशीन चालू झालं असतं." तो म्हणाला, "चालू झालं असतं. आणि रोज लोक येऊन म्हणाले असते, वा दंडवत." मग थोडं चालून म्हणाला, "शिवी सहन होते हो, आप्पा. दुसऱ्याचा मान अंगावर घालून कसं फिरायचं?" बस आली, मी पेटी वर चढवली, त्यानं खिडकीतून हात जोडले. मी नाही जोडले. तेव्हा मला रागच होता.

तो दिंडोरीकडं गावी गेला. भावाच्या पडवीत एक छोटं वेल्डिंग आणि एक जुना हातलेथ टाकला. लोकांना फाटकं, खिडक्या, कुदळीचे दांडे-मुठी करून द्यायचा. फार चाललं नाही, बंदही पडलं नाही. मी वर्षातून एकदा-दोनदा जायचो. गेलो की भांडायचो, त्याच त्या गोष्टीवरून. तो ऐकून घ्यायचा आणि जेवायला वाढायचा.

काही वर्षांनी तो गेला. साधा ताप आला होता. त्यांच्या पंथात दहाव्याचे विधी नसतात, पण आमच्याकडं माणसं जमली की भाषणं होणारच, त्याला पंथ आडवा येत नाही. सातपूरहून गाडी भरून लोक आले होते. भामरे आता कुठल्याशा पक्षाचा पदाधिकारी होता, पांढऱ्या कपड्यांत. शेठ स्वतः आले नव्हते, पण मोठा हार पाठवला होता. भामरेनं माइक घेतला आणि गळा काढला. म्हणाला, "दंडवत म्हणजे तत्त्वाचा माणूस. लढाईच्या काळात त्यांच्यावर कठीण वेळ आली होती. पण आम्ही सगळे कामगार त्यांच्या पाठीशी पहाडासारखे उभे राहिलो." जुने लेथवाले ओळीनं बसले होते. सगळ्यांनी माना हलवल्या. एका दोघांनी डोळे पुसले. मेलेला माणूस बरा असतो, तो माइकपाशी येत नाही.

मला भाषण येत नाही. मी कधी केलेलं नाही. गुडघे धरून उठलो आणि जागेवरूनच म्हणालो, "नव्हतो."

भामरे थांबला. "काय म्हणालात, आप्पा?"

"नव्हतो उभे. कोणी नव्हतो. तू नव्हतास, हे बसलेत ते नव्हते, मी पण नव्हतो. मला त्याचं पटत नव्हतं, मी बार कापत होतो. तो एकटा होता."

भामरे खालच्या आवाजात म्हणाला, "आप्पा, अशा वेळी असं बोलू नये. घरच्यांना काय वाटेल?"

मी घरच्यांकडं बघितलं. दंडवतची बायको भिंतीला टेकून बसली होती, तिनं पदर नीट केला आणि माझ्याकडं बघत राहिली. भाचा उठला. काठी टेकत भामरेपर्यंत गेला, त्याच्या हातातून माइक घेतला आणि बंद केला. मग माझ्याजवळ येऊन बसला. त्याला मांडी घालता येत नाही, दुखरा पाय त्यानं सतरंजीवर लांब केला आणि म्हणाला, "आप्पा, मामा तुमचं फार सांगायचे. तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणायचे, भांडायला येता तेव्हासुद्धा."